आबादान ते व्हिटियर, आणि तिथून पुढं टपालानं

२००३ साली अमेरिकेत ‘फनी इन फारसी’ हे छोटेखानी आत्मकथन प्रसिद्ध झालं. लेखिका फिरुझे द्युमा. त्यांचा जन्म १९६५चा, इराणमधल्या आबादान या तेलशुद्धीकरणासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातला. वडील काझेम तिथल्या सरकारी तेल कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या कामानिमित्त १९७२ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर गावी आलं, तेव्हा फिरुझे सात वर्षांच्या होत्या आणि त्यांना इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं. पुढं त्या बहुतांशी कॅलिफोर्नियातच वाढल्या, बर्कलीला शिकल्या, एका फ्रेंच माणसाशी लग्न केलं, आणि आपलं बालपण मुलांना कळावं म्हणून लिहिलेल्या आठवणींचं हे पुस्तक झालं. ते खपलं, अमेरिकेतल्या शाळांच्या वाचनयाद्यांत गेलं, विनोदी लेखनासाठीच्या थर्बर पारितोषिकाच्या अंतिम फेरीतही पोचलं. याखेरीज ते आणखी एका वाटेनं फिरलं. वाचकांनी ते एकमेकांना टपालानं पाठवून वाचलं. एकच प्रत, एका घरून दुसऱ्या घरी. माझं म्हणणं असं आहे, की परक्या देशात जाऊन राहिलेल्या माणसाच्या विनोदी आठवणींना ही टपालाची वाट फार मानवते. दुकान आणि वाचनालय अशा पुस्तकाला ज्या वाचकापर्यंत सहसा नेत नाहीत, त्याच्यापर्यंत ते या साखळीतून जातं. त्याचं अर्धं श्रेय विनोदाला आहे आणि अर्धं टपालाच्या रीतीला.

ही रीत मुळात अगदी साधी आहे. २००१ साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी ‘बुकक्रॉसिंग’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, तो आतल्या पानावर चिकटवायचा आणि पुस्तक सोडून द्यायचं. बागेतल्या बाकावर, रेल्वेच्या डब्यात, कुठंही. ज्याला सापडेल त्यानं त्या क्रमांकापुढं आपली नोंद करायची. तीनच वर्षांत हा शब्द ऑक्सफर्डच्या संक्षिप्त कोशात गेला. पण बाकावर ठेवलेल्या पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांचा पुढं पत्ताच लागत नाही, म्हणून मनापासून वाचणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. पुस्तकाचा मालक जाहीर करतो, की हे पुस्तक फिरवायचं आहे, कोणाला हवंय? दहा-बारा जण नावं देतात. पोस्टेज कमी पडावं म्हणून एका देशातली नावं यादीत लागोपाठ लावतात. कोण फक्त आपल्या देशात पाठवू शकेल आणि कोण समुद्रापार, तेही आधीच विचारून घेतात. पुस्तक हातात पडलं की साधारण महिनाभरात वाचायचं, आपलं मत नोंदवायचं, पुढच्या वाचकाकडून पत्ता मागवायचा, आणि आपल्या खर्चानं पाकीट पोस्टात टाकायचं. परदेशी जाणार असेल तर कस्टम्सचं हिरवं लेबल भरायचं. शेवटच्या वाचकानं ते मालकाकडं परत पाठवलं तर ती ‘बुकरिंग’, न पाठवता पुढंच जाऊ दिलं तर ‘बुकरे’. पाकिटात पुस्तकासोबत कोणी पोस्टकार्ड ठेवतं, कोणी खूण ठेवायची पट्टी, कोणी चहाची पुडी. बारा जणांची यादी असेल तर वाचनाचे बारा महिने आणि टपालाचे आठवडे धरून दीड वर्ष सहज जातं.

आता या यादीत नाव कोण देतं, हे पाहण्यासारखं आहे. विकत घेताना माणूस आपल्या आवडीनं घेतो, आणि देश सोडून आलेल्यांच्या आठवणी विकत घेणारे बहुधा दोनच प्रकारचे असतात. एक त्याच समाजातले, ज्यांना त्यात आपलं घर दिसतं. दुसरे आधीपासूनच त्या समाजाबद्दल आस्था असलेले. उत्तर अमेरिकेतल्या मराठी लेखनाकडं पाहिलं तरी हे ध्यानात येतं. टोरोंटोहून निघणाऱ्या ‘एकता’सारख्या त्रैमासिकातून मराठी माणसांनी तिकडच्या जगण्याबद्दल लिहिलं, पण ते वाचलं मराठी माणसांनीच. भाषेमुळं ते अटळ होतं. द्युमा यांनी इंग्रजीत लिहिलं, तरी ‘इराणी कुटुंबाची कहाणी’ एवढंच वर्णन असतं तर वाचकांचं वर्तुळ फार वाढलं नसतं, असं मला वाटतं. साखळीच्या यादीत मात्र लोक ‘हसवणारं पुस्तक आहे’ एवढ्या शब्दावर नाव देतात. इराणशी ज्यांचं काही देणंघेणं नाही अशी माणसंही त्यात येतात. शिवाय पैसे फक्त पोस्टेजचे जाणार असतात, त्यामुळं पुस्तक न आवडण्याची जोखीम छोटी असते. विनोद दार उघडतो आणि टपाल ते पुस्तक दारापर्यंत आणून देतं. या दोहोंपैकी एक नसेल तर वाचक तोच राहतो जो आधी होता.

आणि दार उघडल्यावर आत काय आहे? पहिल्याच प्रकरणात शाळेचा पहिला दिवस येतो. मुलीसोबत आईही वर्गात बसते. बाई त्या आईला फळ्याजवळ बोलावतात आणि नकाशात इराण दाखवायला सांगतात, आणि आईला तो दाखवता येत नाही. शाळा सुटल्यावर दोघी घराची वाट चुकतात. सगळी घरं एकसारखी दिसतात, पत्ता विचारायला भाषा नाही. शेवटी एक मुलगी आणि तिची आई त्यांना घरात घेतात, फोन करू देतात, आणि त्या घरी पोचतात. पुढं आई टीव्हीवरचे बक्षिसांचे खेळ पाहून इंग्रजी शिकते. वडील पूर्वी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून गेलेले, त्यामुळं त्यांना इंग्रजी येतं असा घरात समज. पण ते इंग्रजी अभियांत्रिकीचं निघतं, दुकानातल्या मुलाशी बोलायला उपयोगी न पडणारं. एका प्रकरणात फिरुझे डिस्नेलँडमध्ये हरवतात. हरवलेल्या मुलांच्या खोलीत आणखी एक परदेशी दिसणारा मुलगा रडत येतो, आणि तिथले कर्मचारी फिरुझेला पुन्हापुन्हा विचारतात, की याच्याशी तुझ्या भाषेत बोल ना. तो इराणी नाही, हे त्यांना पटतच नाही. ही प्रकरणं वाचताना हसू येतं ते कोणाचं, हे नीट पाहावं. आईबापांच्या चुकांवर लेखिका मायेनं हसते. यजमानांच्या अज्ञानावरही तितक्याच मायेनं हसते, आणि त्यांनी केलेली मदत विसरत नाही. असं लिहिलेलं वाचताना यजमान देशातला वाचक पुस्तक मिटून ठेवत नाही. आपल्यावर आरोप होतोय असं त्याला वाटत नाही, आणि तरी आपण नकाशात कुठं कमी पडतो ते त्याला दिसतं.

इथं एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही. आक्षेप असा, की विनोदानं परक्याला गोड करून वाढलं जातं. वाचक हसतो, मनातून सुखावतो, आणि इतिहास बाजूला पडतो. ज्या २००३ साली द्युमांचं पुस्तक आलं, त्याच साली अझर नफिसी यांचं ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ आलं आणि मार्जान सात्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’चा इंग्रजी अनुवादही आला. त्या दोन्हींत इराणमधली क्रांती, युद्ध, बायकांवरची सक्ती हे सगळं समोरासमोर आहे. त्यांच्या शेजारी द्युमांचं पुस्तक ठेवलं तर ते हलकं वाटतं, हे मान्य. त्यातलं कुटुंबही इंजिनिअरचं, शिकलेलं, नोकरीनिमित्त आलेलं. निर्वासितांच्या तंबूत राहिलेलं नाही. पण इतिहास त्यात नाही असं म्हणणं खरं नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये इराणचे शहा वॉशिंग्टनला आले तेव्हा त्यांच्या स्वागताला या कुटुंबाला बोलावलं गेलं होतं. फुकट सहल म्हणून गेलेली ही माणसं धमक्यांच्या चिठ्ठ्या आणि खिळे ठोकलेल्या काठ्या घेतलेल्या निदर्शकांमध्ये सापडली आणि पळत सुटली. ४ नोव्हेंबर १९७९ला तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीवर कब्जा झाला, ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले, आणि व्हिटियरमध्ये ज्यांना इराण नकाशात सापडत नव्हता त्यांना तो एकाएकी माहीत झाला. काझेम यांची नोकरी गेली. नवी मिळेना, कारण ते इराणी होते. घरातल्या वस्तू कमी भावात विकाव्या लागल्या. हे सगळं पुस्तकात आहे, आणि ते पहिल्या प्रकरणांच्या नंतर येतं, म्हणूनच लागतं. फोन करू देणाऱ्या शेजारणीचं घर आणि नोकरी नाकारणारं ऑफिस एकाच देशातलं आहे, हे वाचक आधी हसल्यामुळं स्वतः जोडून पाहतो. ओलीसनाट्यावरचा ग्रंथ ज्यानं कधीच हातात धरला नसता, त्याच्या हाती ही पानं विनोदामुळं पडली. नफिसी किंवा सात्रापी वाचणारा वाचक आधीच तयारीचा असतो. द्युमांचा वाचक तसा नसतो. दोन्ही प्रकारची पुस्तकं लागतात, पण साखळीत फिरायला हे हसवणारं जास्त योग्य.

मराठी वाचकाला या पुस्तकात ओळखीचं पुष्कळ सापडेल. अमेरिकेच्या १९४६च्या कायद्यानं भारतीयांना तिथं स्थायिक होण्याचे वर्षाला अवघे १०० परवाने होते. १९६५च्या कायद्यानं देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक यांना अमेरिकेचा रस्ता मोकळा झाला. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून तिकडं गेलेली पहिली मोठी पिढी साधारण काझेम यांच्याच काळातली. मुलांनी आईसाठी दुकानात दुभाषा होणं, शाळेत नाव बदलून घ्यावंसं वाटणं (फिरुझे काही वर्षं ज्युली झाल्या होत्या), नातेवाइकांनी सुट्टीला येऊन महिनोन्महिने राहणं, हे त्या घरांतही झालं. पण मराठीत परदेशावरचा उत्तम विनोद बहुतेक प्रवाशांनी लिहिला. पु. ल. देशपांडे यांचं १९६०चं ‘अपूर्वाई’ हे त्याचं सर्वांत लाडकं उदाहरण. प्रवाशाला घरी परतायचं असतं, त्यामुळं त्याच्या फजितीला मुदत असते. राहायला गेलेल्याची फजिती रोजची असते आणि ती मुलांच्या देखत होते. त्या दुसऱ्या जातीचा विनोद मराठीत अजून भरपूर लिहिला जायला हवा, आणि ज्यांनी ते आयुष्य जगलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

पुन्हा टपालाकडं येऊ. सगळ्यात व्यवहारी प्रश्न हा, की एवढा खटाटोप कशाला? जुनी प्रत कधीकधी पोस्टेजपेक्षा स्वस्त मिळते, ई-पुस्तक तर बोटावर येतं. पैशाच्या हिशेबात साखळी हरते, हे खरंच आहे. पण साखळीतल्या प्रतीत जे असतं ते दुसऱ्या कुठल्या प्रतीत नसतं: आपल्याआधी ती कोणी वाचली आणि आपल्यानंतर कोणाला द्यायची हे माहीत असतं. वाट पाहणारा माणूस ठाऊक असला की वाचन पुढं ढकललं जात नाही, आणि मत नोंदवायचं असल्यानं ते नुसतं चाळलंही जात नाही. हॉलंडमधल्या वाचकानं एका प्रकरणावर काय लिहिलं ते ऑस्ट्रेलियातला वाचक पुस्तकासोबतच वाचतो. यजमान देशातला आणि बाहेरून आलेला, असे दोन्ही वाचक एकाच प्रतीवर बोलतात. टपालातून फिरणाऱ्या लेखनानं अनोळखी माणसांत किती घट्ट नातं जुळतं, याचा एक मोठा दाखला इंग्लंडमध्ये आहे. १९३५ साली घरात एकट्या पडलेल्या काही आयांनी ‘को-ऑपरेटिव्ह करस्पाँडन्स क्लब’ काढला. प्रत्येकीनं टोपणनावानं लेख लिहायचा, संपादिकेनं ते एकत्र शिवायचे, आणि तो एकुलता एक अंक टपालानं घरोघर फिरवायचा. समासात शेरे लिहायचे आणि पुढचीला पाठवायचा. हा अंक १९९० पर्यंत, म्हणजे ५५ वर्षं फिरला. त्या बायका पुढं एकमेकींना भेटल्या, एकमेकींच्या अडीअडचणीला उभ्या राहिल्या. छापील अंक प्रत्येकीला वेगळा मिळाला असता तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप लेखकाच्या पोटाचा आहे आणि तो मला अधिक लागतो. बारा जणांनी एक प्रत वाचली तर मानधन एकाच प्रतीचं. कायद्यानं यात काही गैर नाही. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं नेमका हा प्रश्न आला होता: प्रकाशकानं कादंबरीच्या आत छापलं होतं की एका डॉलरहून कमी किमतीला विकाल तर तो हक्कभंग समजला जाईल, आणि मेसीज या दुकानानं ती ८९ सेंटांना विकली. न्यायालयानं दुकानाची बाजू घेतली. एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. ती प्रत पुढं विकायची, द्यायची की कोणाला पाठवायची हे घेणाऱ्यानं ठरवायचं. ब्रिटननं १९७९च्या कायद्यानं निदान सार्वजनिक वाचनालयातल्या देवघेवीसाठी लेखकांना सरकारी तिजोरीतून मोबदला द्यायला सुरुवात केली. टपालाच्या साखळीला तसं काही नाही. म्हणून नुकसान शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण यादीत नाव देणारे बहुतेक जण हे पुस्तक विकत घेणारे नव्हतेच, हे वर आलंच आहे. नव्या लेखकाला, त्यातही ज्याचं नाव वाचकाला उच्चारता येत नाही अशा लेखकाला, पहिल्या पुस्तकावर वाचक मिळणं सर्वांत अवघड असतं. २००८ मध्ये द्युमांचं दुसरं पुस्तक आलं तेव्हा त्यांचं नाव माहीत असलेला वाचक तयार होता. ज्याला साखळीतून पुस्तक आवडलं त्यानं एक प्रत विकत घेऊन कोणाला भेट द्यावी, असा संकेत प्रत्येक यादीनं पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

या पुस्तकाच्या बाबतीत टपालाला आणखी एक अर्थ आहे, कारण लेखिकेच्या दोन देशांत १९८० पासून राजनैतिक संबंधच नाहीत. अमेरिकेनं इराणवर व्यापारबंदी घातली, तरी १९८८च्या बर्मन दुरुस्तीनं पुस्तकं आणि इतर माहितीपर साहित्य असल्या बंदीतून वगळलेलं आहे. तरीही २००३-०४ मध्ये अमेरिकी वित्त खात्यानं असा अर्थ लावला, की बंदी असलेल्या देशातल्या लेखकाचं हस्तलिखित संपादित करणं ही ‘सेवा’ आहे आणि तिला परवाना लागेल. प्रकाशकांनी आणि नोबेलविजेत्या शिरीन एबादी यांनी कोर्टात धाव घेतली, आणि डिसेंबर २००४ मध्ये खात्याला नियम सैल करावे लागले. दुसऱ्या बाजूला, ‘फनी इन फारसी’चा फारसी अनुवाद इराणमध्ये निघाला, तुफान खपला, पण त्यातलं एक प्रकरण सेन्सॉरनं काढायला लावलं. त्या प्रकरणात वडील मुलीला सांगतात, की डुकराचं मांस खाल्लं म्हणून माणूस वाईट होत नाही, माणसाशी वाईट वागला म्हणून होतो. लेखिकेच्या मते पुस्तकाचा जीव तिथंच होता. दोन्ही सरकारं पुस्तकाला किती बिचकतात, हे यातून दिसतं. १८७४ मध्ये बर्नला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघाचं मूळ तत्त्व मात्र सगळं जग हा टपालासाठी एकच प्रदेश मानण्याचं आहे, आणि एका वाचकानं दुसऱ्याला पाठवलेली प्रत जशी छापली तशीच, सगळ्या प्रकरणांसह जाते.

पण तत्त्व कितीही उदार असलं तरी पाकीट जातं ते दरावर. १९३८ मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांनी अमेरिकेत पुस्तकांसाठी पौंडाला दीड सेंट असा खास दर लावला. आजचा ‘मीडिया मेल’ त्याचाच वारस, आणि अमेरिकेतल्या साखळ्या त्याच्यावरच चालतात. मे २००७ मध्ये तिथल्या टपाल खात्यानं परदेशी जाणारी स्वस्त जहाजी सेवा बंद केली, तेव्हापासून सामान्य वाचकाला समुद्रापार पुस्तक पाठवणं फार महाग पडू लागलं. आपल्याकडं डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट अचानक बंद झालं आणि प्रकाशकांपासून वाचकांपर्यंत सगळ्यांनी ओरड केली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, वर कर. पुस्तक जमिनीमार्गे जातं आणि कुठवर पोचलं ते पाहता येतं. साधं कागदी बांधणीचं आत्मकथन बहुधा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच बसतं. म्हणजे कोल्हापूर, नांदेड, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा गावांतले बारा वाचक एक पुस्तक फिरवू म्हणाले, तर प्रत्येकाचा खर्च वडापाव-चहाच्या आसपास राहतो. नाशिकला विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीनं २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’नं पुस्तकांच्या पेट्या फिरवून दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांपर्यंत वाचन नेलं आहे, त्यामुळं आपल्याकडं लोक पुस्तक परत करत नाहीत ही तक्रार मला फारशी पटत नाही. अडचण आहे ती दोन ठिकाणी. ज्ञान पोस्ट शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांपुरतं आहे, आणि विनोदी आठवणींचं पुस्तक त्यात बसतं की नाही हे खिडकीवरचा कर्मचारी ठरवणार असेल तर रोज वाद होतील. ते सांस्कृतिक लेखनच आहे, हे खात्यानं स्पष्ट लिहून द्यायला हवं. आणि हा दर देशातल्या देशात आहे. पुण्याची वाचक आणि न्यूजर्सीतला वाचक एका यादीत आले की साखळी तिथंच अडते, म्हणून परदेशी जाणाऱ्या पुस्तकांसाठीही असाच वेगळा दर मागायला हवा, आणि ती मागणी प्रकाशकांइतकीच साहित्य संस्थांनी आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी लावून धरायला हवी.